सातवीच्या लेकराचा सत्कार कोण करणार?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही मोठे वक्ते नाही. विहाराच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी लेकरांचा अभ्यासवर्ग चालतो, तो चालवणारे आम्ही चार-पाच जण. कुणी नोकरीत आहे, कुणी दुकानात, कुणी शेतात. खडू-फळा आणि एक जुनी सतरंजी एवढंच आमचं भांडवल. संयोजकांनी सांगितलं, ‘वर्धापन दिन आहे, दोन शब्द बोला.’ म्हणून जे डोळ्यांसमोर रोज दिसतं तेच बोलणार आहोत. शाळेविषयी बोलणार आहोत, आणि तेही पाचवी ते आठवीच्या शाळेविषयी.

आत्ताच या ठिकाणी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण टाळ्या वाजवताना आमच्या मनात एक हिशेब चालू होता. ही जी मुलं-मुली हार घालून उभी होती, त्यांच्यासोबत सातवीच्या वर्गात बसणारी बाकीची लेकरं आज कुठं आहेत? त्यातलं कोण वीटभट्टीवर आहे, कोण हैदराबादला बांधकामावर आहे, कोणत्या पोरीच्या कडेवर लेकरू आहे, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपण त्यांची नावं घेत नाही, एवढंच.

एका पोराची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, त्याचे मायबाप आपल्यातलेच आहेत. सहावीला होता. वाचायला बसला की खोलीतली बाकीची लेकरं गप्प होऊन ऐकत. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकात त्याला काम मिळालं होतं. बाबासाहेबांच्या वडिलांचं, सुभेदार रामजींचं काम. महिनाभर तो घरी-दारी सुभेदारासारखाच चालत होता. दिवाळी झाली. मुकादमाकडून उचल घेतलेली होती, टोळी निघाली आणि त्यासोबत हे लेकरूही निघालं. संमेलनात सुभेदाराचं काम दुसऱ्यानं केलं. आम्हाला हे कधी कळलं? आठ दिवसांनी, हजेरी घेताना! आम्ही म्हटलं, येईल उन्हाळ्यात परत, बघू. तो परत आला, पण शाळेत आला नाही. मागच्या सालात बसस्टँडवर दिसला, हातात कोयता, डोक्यावर गाठोडं. आम्हाला बघून त्यानं मान वळवली. बंधूंनो, मान आम्ही खाली घालायला पाहिजे होती. दिवाळीच्या आधी त्याच्या घरी एक चक्कर मारली असती तर काहीतरी मार्ग निघाला असता. आम्ही दहावीची वाट बघत होतो आणि पोरगं सहावीतच सुटलं.

हे याच वयात का घडतं, याचा विचार करा. चौथीपर्यंत लेकरू लहान असतं, शाळा घराजवळ असते. पाचवीपासून अनेक वाड्या-तांड्यांवरच्या लेकरांना दुसऱ्या गावाला पायपीट करावी लागते. त्याच वेळी त्याच्या हाताला बळ येतं. ते मोळी बांधू शकतं, विटा उचलू शकतं, धाकट्या भावंडाला सांभाळू शकतं. पोरगी असली तर लोक बोलायला लागतात, ‘आता किती शिकवता?’ म्हणजे घराला ज्या वयात लेकराचा उपयोग सुरू होतो, त्याच वयात शाळेची ओढ टिकायला पाहिजे. ती ओढ नुसत्या गणित-इंग्रजीनं टिकत नाही. नाटकातलं काम, कबड्डीचा संघ, प्रभात फेरीतली घोषणा, भिंतीवर लावलेलं आपल्या हातचं चित्र, वर्गाचा मंत्री म्हणून मिळालेली जबाबदारी यांनी ती टिकते. ‘मी नसलो तर माझं काम अडेल,’ असं ज्या लेकराला वाटतं, ते लेकरू शाळा सहज सोडत नाही. आपण मात्र या गोष्टींना ‘टाइमपास’ म्हणतो आणि पोराला घरी बसवून पाढे म्हणायला लावतो.

आता तुम्ही म्हणाल, हे कुठून काढलं? हे आपल्याच इतिहासातून काढलं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाचं नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झालं. रजिस्टरला नोंद आहे, ‘भिवा रामजी आंबेडकर’. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र शासनानं २०१७ साली निर्णय घेऊन ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून सर्व शाळांत साजरा करायला सांगितलं. त्या शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान. ही गोष्ट आपण लेकरांना दरवर्षी सांगतो आणि सांगायलाच पाहिजे.

पण दुसरी एक गोष्ट आपण कमी सांगतो. पुढे कुटुंब मुंबईला आलं. बाबासाहेब इंग्रजी चौथी पास झाले. त्या काळची इंग्रजी चौथी म्हणजे साधारण आजची आठवी धरा. समाजातल्या लोकांना वाटलं, आपला पहिला मुलगा इथवर आला, सभा भरवून त्याचं कौतुक करू. ते सुभेदारांकडे गेले. सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, नुसती परीक्षाच तर पास झाला आहे, असं त्यांचं म्हणणं. मंडळी नाराज झाली, पण गप्प बसली नाहीत. ती गेली कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे. केळुसकर गुरुजी शिक्षक, लेखक आणि सुभेदारांचे स्नेही. त्यांनी मध्यस्थी केली, सुभेदार तयार झाले, सभा झाली. गुरुजी अध्यक्ष होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी त्या मुलाच्या हातात स्वतः लिहिलेलं भगवान बुद्धांचं चरित्र ठेवलं. ते पुस्तक वाचून मुलगा हलून गेला.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. चरित्रकार हा सत्कार १९०७ च्या मॅट्रिकनंतरचा सांगतात आणि अध्यक्ष म्हणून सी. के. बोले यांचं नाव देतात. काही असो, बाबासाहेबांच्या आठवणीत ती इंग्रजी चौथीची सभा होती. म्हणजे जो ग्रंथ आज आपल्या विहारात आहे, त्याचं पहिलं बीज एका शाळकरी मुलाच्या सत्कारात पडलं. तो सत्कार कुण्या सरकारनं केला नाही, कुण्या श्रीमंतानं केला नाही. वस्तीतल्या साध्या माणसांनी हट्टानं घडवून आणला. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. पुढे याच केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आणि ज्या बोल्यांचं नाव घेतलं, त्यांनीच १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव आणला. एका मुलाच्या शाळेशी नातं जोडलेली माणसं पुढे कुठवर गेली, बघा!

सुभेदारांचा नकारही आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कौतुकानं लेकरू बिघडू नये, ही बापाची काळजी खरीच होती. केळुसकर गुरुजींनी त्याला उत्तर कसं दिलं? हार-तुऱ्यावर न भागवता पुस्तक दिलं. कौतुक केलं आणि पुढचं काम हातात ठेवलं.

बाबासाहेबांनी हीच रीत पुढे चालवली. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचं वसतिगृह होतं. जानेवारी १९२५ मध्ये ते हायस्कूलच्या मुलांसाठी सुरू झालं. नुसतं जेवण आणि झोपायला जागा, एवढ्यावर ते थांबलं नाही. सभेच्या प्रयत्नातून विद्यार्थ्यांचं ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक निघालं. मुंबईत मोफत वाचनालय झालं, आणि काय झालं माहीत आहे का? हॉकीचा क्लब झाला! शंभर वर्षांपूर्वी, जेव्हा खायची भ्रांत होती, तेव्हा आपल्या पुढाऱ्यांना वाटलं की पोरांनी खेळलं पाहिजे, लिहिलं पाहिजे. आपल्या मराठवाड्यात १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं. तिथल्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांसमोर केलं, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही ते झालं. विद्यार्थ्यांचं नाटक दीक्षेच्या सोहळ्यापर्यंत पोहोचलं. त्याला टाइमपास म्हणणार का?

त्याही मागं जा. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी. आजच्या हिशेबानं आठवी-नववीची पोर. आपल्या वस्तीत त्या वयाच्या किती पोरी आहेत? त्यांनी एखादं पान लिहिलं तर ते वाचणारं घरात कुणी आहे का?

आता आपल्या बिलोलीकडे येऊ. आपला तालुका तेलंगणाच्या सीमेवरचा. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारं, तेलुगू बोलणारं आणि उर्दू बोलणारं लेकरू बसतं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, तोपर्यंत इथल्या वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. आपल्या आजे-पणज्यांना ना भाषा आपली होती, ना शाळा. म्हणून १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर आपलं लेकरू ओळीत उभं राहतं, ती साधी गोष्ट समजू नका. आणि शिक्षणासाठी मोठं शहरच लागतं असंही नाही. आपल्याच तालुक्यात सगरोळीसारख्या आडबाजूच्या गावात संस्कृती संवर्धन मंडळानं १९५९ साली काम सुरू केलं. पुढे तिथं सैनिकी विद्यालय झालं, कृषी विज्ञान केंद्र झालं. गाव आणि शाळा एकमेकांना धरून राहिले तर सीमेवरच्या गावातही काय उभं राहतं, हे तिथं जाऊन बघता येतं.

आपण मात्र शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहतो. हे आम्ही टोमणा म्हणून बोलत नाही. एका ३ जानेवारीची, सावित्रीमाईंच्या जयंतीची आठवण आहे. आमच्या वर्गातली सहावीची एक पोर शाळेत भाषण करणार होती. तिची माय मजुरी बुडवून आली आणि फाटकापाशीच उभी राहिली. आम्ही म्हटलं, ‘ताई, आत चला ना.’ ती म्हणाली, ‘आमचं काय काम हाय आत? आमच्या पायाला माती हाय.’ आम्ही तिला हाताला धरून आत नेलं. पोरीनं भाषण केलं, मधेच विसरली, मायकडे बघितलं, आणि पुन्हा आठवून पूर्ण केलं. दुसऱ्या दिवसापासून ती माय दर पालक सभेला जाते. तिला लिहिता येत नाही, पण खिचडी कशी शिजली, पोरींच्या संडासाला कडी आहे का, पाणी येतं का, हे ती विचारते. त्यासाठी पदवी लागत नाही.

आणि हे विचारणं म्हणजे कुणाची मेहरबानी नाही, कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला आठवीपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क ठरला. याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. शाळेचा विकास आराखडा करणं, आलेला पैसा कसा खर्च झाला ते बघणं, हे तिचं काम. निवडीच्या दिवशी आपण गेलो नाही तर आपलं नाव कोण घेणार? आणि नाव नुसतं कागदावर राहिलं, सही घरी येऊन नेली, तर ते नाव असून काय फायदा?

पण इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शाळेत जायचं ते भांडायलाच जायचं असं नाही. कुठं कुठं दोन गुरुजी चार वर्ग सांभाळतात, वर जनगणना, मतदार यादी, नाना प्रकारची माहिती भरणं. पावसाळ्यात झाडं लावायची आहेत, मैदानातले दगड वेचायचे आहेत, संमेलनाचा मंडप बांधायचा आहे, अशा वेळी वस्तीतल्या चार तरुणांनी ‘गुरुजी, आम्ही आहोत’ म्हटलं तर शाळेचा चेहरा बदलतो. आणि शाळा एकट्या बौद्धांची नाही. मातंग, मुसलमान, लिंगायत, मराठा, बंजारा, सगळ्यांची लेकरं तिथं एका ओळीत बसून जेवतात. समितीत जाताना आपल्या लेकरापुरतं बोलू नका, सगळ्या वर्गासाठी बोला. सुभेदारांच्या घरी गेलेल्या मंडळींना जातीबाहेरचे केळुसकर गुरुजी भेटले होते, हे विसरू नका. आपल्यालाही तसे गुरुजी भेटतील, आणि दुसऱ्या वस्तीतल्या लेकरासाठी आपणही कधी केळुसकर व्हायला पाहिजे.

आपण दर पौर्णिमेला महामंगल सुत्त म्हणतो. त्यात बहुश्रुत असणं, हाताची कला येणं, शिस्त अंगी बाणणं आणि चांगलं बोलता येणं यांना मंगल म्हटलं आहे. वाचन, कार्यानुभव, कवायत आणि वक्तृत्व, शाळेत दुसरं काय शिकवतात? तोंडानं मंगल म्हणायचं आणि लेकराला वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं नाही, हे बरोबर नव्हे.

आता शेवटी, आज या ठिकाणी काय ठरवायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, विहारात एक वही ठेवू. वस्तीतल्या पाचवी ते आठवीच्या प्रत्येक लेकराचं नाव त्या वहीत राहील. कोण शाळेत जातं, कोण आठ दिवस दिसलं नाही, हे दर रविवारी वंदनेनंतर वाचू. आठ दिवस दिसलं नाही की त्याच दिवशी दोघांनी घरी जायचं.

दुसरी गोष्ट, दसऱ्याच्या आधी विचारायचं, यंदा कोण कोण बाहेर जाणार? उचल घेतलेल्या माणसाला ‘जाऊ नको’ म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. पोट कुणाला सुटलं नाही. पण लेकरू मागं ठेवता येईल का, एवढं बसून बोलता येतं. आजी असेल, मावशी असेल. स्थलांतरित मजुरांच्या लेकरांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यासाठी यादी वेळेवर शाळेत गेली पाहिजे, मागणी झाली पाहिजे. टोळी निघून गेल्यावर यादी करून उपयोग नाही, हे आम्ही एक लेकरू गमावून शिकलो.

तिसरी गोष्ट, परीक्षांची. चौथी आणि सातवीला शिष्यवृत्ती परीक्षा असते. आठवीला आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय परीक्षा असते. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी दरसाल १२ हजार रुपये मिळतात. मुलींसाठी पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं खातं, या कागदांपायी आपली लेकरं मागं पडतात. तहसीलला चकरा कशा मारायच्या हे ज्याला कळतं, त्यानं वर्षातून चार दिवस वस्तीला द्यावेत.

चौथी गोष्ट, लेकरांचं हस्तलिखित. सोलापूरच्या वसतिगृहाच्या काळात मासिक निघालं, तर आपल्याला वर्षातून एक वही भरता येणार नाही का? चित्रं, गोष्टी, आजीकडून ऐकलेल्या ओव्या, तेलुगूतलं एखादं गाणं, काय वाटेल ते लिहू द्या. पुढच्या वर्धापन दिनाला ती वही याच टेबलावर ठेवू.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही उभे राहिलो. येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनी, या विहारात सातवीच्या लेकरांचा सत्कार करू. टक्के विचारायचे नाहीत. जे लेकरू सातवीत टिकून आहे, त्या प्रत्येकाचा. हार नको, नारळ नको. प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक ठेवू, आणि पहिल्या पानावर त्याचं नाव लिहू. एका घरानं एक पुस्तक दिलं तरी भागतं. त्या दिवशी मायबापांनी शेजारी उभं राहायचं.

त्यातलं कोणतं लेकरू पुढे काय होईल, आपल्याला माहीत नाही. मुंबईच्या त्या सभेत बसलेल्या माणसांनाही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एवढं केलं की पोराला एकटं सोडलं नाही.

बसस्टँडवर मान वळवून गेलेल्या त्या पोराच्या घरी आम्ही मागच्या महिन्यात जाऊन आलो. त्याची धाकटी बहीण आता पाचवीत आहे. वहीतलं पहिलं नाव आम्ही तिचं लिहिलं आहे. दुसरं नाव कुणाचं लिहायचं, ते कार्यक्रम संपल्यावर येऊन तुम्ही सांगा. वही दारापाशी टेबलावर ठेवली आहे, पेनही ठेवला आहे.